बॅरिस्टरांचं ते बिल

बॅरिस्टर नाथ पैंचं नाव निघालं की आमच्या कोकणात गाडी थेट त्यांच्या वक्तृत्वावर जाते. माझे काका तर त्यावर तासभर बोलायचे. पेट्रोमॅक्सच्या उजेडातली सभा, 'बॅरिस्टर इले' अशी कुजबुज, आणि तंबाखू मळणारे हात जागच्या जागी थांबलेले. असेलही. पण मी वकिली करतो, मला त्यांनी संसदेत मांडलेलं एक बिल जास्त छळतं.

१९२२ ला वेंगुर्ल्यात जन्म, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, मग लंडनला बॅरिस्टरी, १९५७ पासून सलग तीनदा राजापूरचे खासदार. हे कुणीही सांगेल.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. पंजाबातल्या एका कुटुंबाची पाचशे एकर जमीन आणि एकाने किती जमीन बाळगावी हे ठरवणारा कमाल धारणेचा कायदा, त्यावरून सुरू झालेलं भांडण. ११ न्यायाधीश, ६ विरुद्ध ५: मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर विरोधी बाकावरच्या या बॅरिस्टराने खासगी विधेयक आणलं, की तो अधिकार संसदेला हवाच.

खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, शुक्रवार दुपारचं काम, निम्मे खासदार तोवर घरच्या वाटेला लागलेले. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत, शेवटचं १९७० मध्ये. नाथ पैंचं मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत पोचलं, देशभर गाजलं.

मला ते पटत नाही, स्पष्ट सांगतो. जमीन कसणाऱ्याच्या बाजूने उभा राहिलेला समाजवादी माणूस कोर्टावर का चिडला, ते कळतं. पण संसदेच्या हातात दिलेली सुरी उद्या कुणाच्या हाती जाईल याचा विचार वकिलाने करायचा नाही तर कुणी? १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेने घेतला. चारच वर्षांत आणीबाणी आली, आणि त्यांच्याच राजापूरचे पुढचे खासदार मधु दंडवते तुरुंगात गेले. घटनेचा मूळ ढाचा संसदेला बदलता येणार नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा केशवानंद निकाल मध्ये आला म्हणून बरं, तोही ७ विरुद्ध ६!

नाथ पैंनी यातलं काहीच पाहिलं नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली, बिल तिथेच संपलं. १८ जानेवारीला बेळगावात ते गेले. वय ४८.

काकांशी मी यावरून खूप भांडलोय. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "तू तेंचा भाषाण आयकूक नाय मां!"