जेनोआ जानुसचं नव्हे

‘इटलीतल्या जेनोआ शहराचं नाव दोन तोंडांच्या रोमन देव जानुसवरून पडलं,’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण मागाहून रचलेली. मध्ययुगात लॅटिन लिहिणाऱ्यांनी शहराला ‘यानुआ’ (म्हणजे दार; जानुसचा लॅटिन उच्चारही ‘यानुस’) म्हणायला सुरुवात केली आणि 13व्या शतकात तिथल्या आर्चबिशपनं आपल्या बखरीत जानुसला थेट संस्थापकच करून टाकलं.

नाव त्याहून कितीतरी जुनं आहे. 1506 मध्ये जेनोआजवळच्या पोल्चेवेरा खोऱ्यात सापडलेला ब्राँझचा पत्रा इसवी सनापूर्वी 117 सालचा. मजकूर आपल्याकडच्या बांधाच्या भांडणासारखाच: जेनोआवाले आणि डोंगरातले शेजारी यांच्यातल्या हद्दीचा निवाडा. त्यात शहरवासीयांचं नाव ‘गेनुआतेस’ असं, ‘यानुआ’तल्या ‘य’ने नव्हे तर ‘ग’नेच कोरलंय. शेजारी ओढ्यांची नावं येतात: नेविआस्का, विनेलास्का. हा ‘-आस्का’ प्रत्यय लिगुरियन, म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांच्या भाषेच्या, ठशाचा; वायव्य इटलीत ‘-आस्को’वर संपणारी गावं आजही भेटतात.

आणखी एक गल्लत नावाच्या सारखेपणामुळे होते: आज तिथे बोलली जाणारी ‘लिगुरियन’ ही ती प्राचीन भाषा नव्हे, लॅटिनची लेक आहे. प्राचीन लिगुरियनचं मात्र बहुतांशी नावांपुरतंच काय ते उरलंय.