‘चौकशी खिडकीवरचा माणूस पाच वर्षांत घरी’? जरा थांबा

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. छातीवर टॅब्लेट लावलेला पांढराशुभ्र रोबो गिऱ्हाइकाला वाट दाखवतोय आणि खाली मजकूर : ‘जपानमध्ये दुकानं, हॉटेलं, बँका रोबोच सांभाळतात. पगार नको, सुट्टी नको, सगळ्या भाषा येतात, गिऱ्हाइकाला काय हवं ते कळतं. रिसेप्शनिस्ट, सेल्समन, चौकशी खिडकीवरचा माणूस पाच वर्षांत घरी.’ एकेक दावा घेऊ.

‘जपानमध्ये झालंय.’ झालं होतं. नागासाकीजवळ 2015 साली ‘हेन ना’ हॉटेल उघडलं. स्वागताला डायनोसॉर, सामान न्यायला रोबो, खोलीत बोलणारी बाहुली. पुढे ही फौज 243 वर गेली. जानेवारी 2019 मध्ये बातमी आली की निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकले. कारणं मजेशीर आहेत. एका पाहुण्याचं घोरणं बाहुलीला प्रश्न वाटायचा आणि ती रात्रभर त्याला उठवून ‘नीट कळलं नाही, परत सांगा’ म्हणायची. सामान नेणाऱ्या रोबोंना मोजक्याच खोल्यांपर्यंत जाता यायचं आणि पावसाचं, बर्फाचं त्यांचं वाकडं. ते सगळं निस्तरायला माणसं जादा वेळ थांबत होती. असल्या फॉरवर्डांमध्ये डायनोसॉर येतो, 2019 येत नाही.

‘पगार नको.’ व्हिडिओतल्यासारखा दिसणारा सर्वांत गाजलेला रोबो म्हणजे सॉफ्टबँक या जपानी कंपनीचा ‘पेपर’, उंची 120 सेंटिमीटर. जपानमधल्या दुकानांना तो तीन वर्षांच्या करारावर मिळायचा, भाडं महिना 55,000 येन. दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, तिला पगार म्हणा नाहीतर भाडं. असे सुमारे 27,000 रोबो बनवून झाल्यावर मागणी नाही म्हणून उत्पादन थांबवल्याचं 2021 मध्ये बाहेर आलं.

‘गिऱ्हाइकाला काय हवं ते कळतं.’ हाच पेपर ‘फॅबिओ’ नावाने एडिनबरातल्या मार्जिओटा सुपरमार्केटमध्ये उभा केला होता. हेरियट-वॉट विद्यापीठाचा प्रयोग, बीबीसीच्या कार्यक्रमासाठी. बिअर कुठे आहे असं विचारलं की फॅबिओ म्हणायचा, ‘दारूच्या विभागात.’ उत्तर शंभर टक्के बरोबर, उपयोग शून्य. आजूबाजूच्या गोंगाटात तर त्याला प्रश्नच धड ऐकू यायचा नाही. मग त्याला खाण्याचे नमुने वाटायला ठेवलं. पंधरा मिनिटांत त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकं फिरकली, शेजारच्या माणसाकडे बारा. आठवड्याभरात फॅबिओची नोकरी गेली. आणि ते साधं बिअरचं गिऱ्हाईक होतं! आपल्याकडे बाई दुकानात शिरून म्हणते, ‘अहो, मागच्या महिन्यात नेली ना, ती भाजणी द्या, पण जरा कमी तिखट.’ यातलं ‘मागच्या महिन्यात’ दुकानदाराला चेहऱ्यावरून कळतं.

‘बँकांतही आलेत.’ आले. एचडीएफसी बँकेने 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिल शाखेत ‘इरा’ आणली. ती पडद्यावर यादी दाखवायची आणि निवडाल त्या काउंटरपाशी घेऊन जायची. बँकेत काउंटर दहा पावलांवर असतो. अडतं ते सही जुळत नाही, नॉमिनीचं नाव चुकलंय, वडील वारले आता खात्याचं काय, इथे.

‘ते जुने रोबो, आता एआय आलंय.’ हा मात्र दमदार मुद्दा आहे. आजचा रोबो फॅबिओपेक्षा कितीतरी बरा बोलेल, मराठीतही बोलेल. पण बोलणं हा कामाचा एक तुकडा. चार माणसं एकदम बोलताना नेमका कोणाचा आवाज ऐकायचा? काल तिसऱ्या रॅकवर असलेला माल आज कुठे हलवलाय, हे कोणीतरी त्याला कळवायला नको? गर्दीत सुरक्षित राहायचं तर समोर कोणी आलं की थांबायचं, म्हणजे शनिवार संध्याकाळच्या मॉलमध्ये तो नुसता थांबलेलाच असणार. आणि पोरं! ओसाकाच्या एका मॉलमध्ये संशोधकांनी रोबो फिरवला, तर मोठी माणसं आसपास नसताना मुलं त्याची वाट अडवायची, शिव्या द्यायची, मारायचीसुद्धा. शेवटी 2015 च्या शोधनिबंधात त्यांनी रोबोला पळ काढायला शिकवलं : छळाची शक्यता वाढली की 1.4 मीटरपेक्षा उंच माणसांच्या दिशेने निघायचं. म्हणजे मदतनीसच मोठ्यांच्या आडोशाला. कितीही गोड बोलणारं एआय आत घाला, पोरांनी घेरलेल्या यंत्राला वाट मिळत नाही.

टिकले ते कोणते? जपानच्या स्कायलार्क रेस्टॉरंटांत मांजरीच्या चेहऱ्याचे सुमारे 3,000 रोबो ताटं नेतात. टेबल नंबर कर्मचारी दाबतो, ताट गिऱ्हाईक उचलतं. मधली फेरी वाचते, वेटरचे पाय वाचतात. उत्तम सोय आहे, नाकारायचं कारण नाही. फक्त तो कोणाला काही समजावून सांगत नाही.

राहिलं ‘पाच वर्षांत’. जर्मनीतल्या बॉनच्या संग्रहालयात ऱ्हाइनो नावाचा रोबो लोकांना वस्तू दाखवत 1997 सालीच फिरला होता. तेव्हापासून अशी ‘पाच वर्षं’ कितीतरी वेळा येऊन गेली.

फॉरवर्डवाल्यांना जपानचाच व्हिडिओ हवा असेल, तर टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या डॉन कॅफेचा लावा. 2021 पासून तिथे रोबो ऑर्डर घेतात, गप्पा मारतात, ‘पुन्हा या’ म्हणतात. हे रोबो चालवतात घराबाहेर पडू न शकणारे, काही तर अंथरुणाला खिळलेले लोक, घरून, कॅमेरा आणि माइकवरून. त्यांना कामाचे पैसे मिळतात.