मी, एक खिळा

उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालायचा तर आधी ही बाही चढवावी लागते, मग उरलेला मी. बायको आयोडेक्स चोळता चोळता म्हणते, "आणखी करा समाजकार्य."

समाजकार्य मी केलेलंच नाही. मी नकाशा धरला. पावणेदोन तास.

झालं असं, की नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वस्तीचं पुनरुज्जीवन करायचं ठरलं. कोणी ठरवलं, ते विचारू नका. दारात पत्रक आलं : 'आपल्या देखण्या जुन्या वस्तीचं पुनरुज्जीवन, आपल्याच सहभागातून.' पुनरुज्जीवन मेलेल्याचं करतात. आम्ही तर रोज पहाटे नळाला पाणी आलं की टुणकन उठून बसतो. तरी 'देखणी' या शब्दावर मी विरघळलो. आमच्या बोळाला देखणा म्हणणारं माणूस मी पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही, आमच्याकडे दिलेल्या मुलीसुद्धा तसं म्हणत नाहीत. रात्री जागून तीन फुलस्केप पानं सूचना लिहिल्या. पहिलं अख्खं पान नुसतं नालीवर.

सभा समाजभवनात होती. भिंतीला नकाशा लावायचा होता, पण चिकटपट्टी लावली की चुन्याचा पोपडा घेऊनच खाली येई. एक कोपरा खिडकीच्या कडीला अडकवला. दुसऱ्यासाठी सभा घेणाऱ्या संस्थेच्या एका गोड मुलीने सभागृहावर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"काका, तुम्ही उंच आहात. दोनच मिनिटं धराल?"

पाच फूट अकरा इंच उंचीचा आयुष्यात मला एवढाच उपयोग झालेला आहे, लग्नातसुद्धा नाही. मी अंगठा दाबून उभा राहिलो. तीन पानं खिशातच राहिली.

तेवढ्यात वस्तीतले एक आजोबा आले. पायजमा, टोपी, हातात कराच्या जुन्या पावत्यांची पिशवी, आणि चेहरा तापलेला. त्यांचंही खरंच होतं. पत्रकात लिहिलं होतं, 'सभा बुधवारी, सायं. ५ वा.' नागपुरात असं लिहायचं नसतं. इथे इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी या राहायच्या जागा आहेत. बख्त बुलंद शहाने बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं, पुढे वारांच्या बाजारांवरून वस्त्यांना नावं पडली, आणि तेव्हापासून बाहेरचा माणूस इथे पत्ता विचारून तारीख घेऊन परत जातो.

"मी चार वाजतापासून बुधवारीत फिरून राहिलो," आजोबा म्हणाले. "तिथं कोणाले काही मालूमच नाही. मंग एक पोट्टा म्हणे, आबाजी, बुधवारी म्हणजे बुधवारच्या दिवशी."

आणि ते थेट नकाशाला भिडले. नाक टेकवून.

"माह्यं घर कुठी हाये जी?"

त्यांचं बोट निघालं. "हे गांधीगेट. इथून आत. हे वाण्याचं दुकान. हा बोळ. हा वडाचा झाड. आता उजवीकडं..." बोट माझ्या अंगठ्यावर येऊन आदळलं.

"आंगठा काढा न जी."

"काढला तर नकाशा पडेल."

"मंग माह्यं घर कसं दिसन?"

"जरा वेळाने..."

"एवढा मोठा नकाशा हाये. दुसऱ्या कोणाचं घर काहून नाही झाकलं तुम्ही?"

याला काय उत्तर आहे? ते खुर्ची ओढून माझ्या कुशीतच बसले. आल्या-गेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "यायनं माह्यं घर दाबून ठेवलं." तिसऱ्या माणसाने तर मला हळूच विचारलं, "कोर्टात हाये का मॅटर?"

सभा रंगली होती. प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी मिळाली. प्रश्न होता : बाक निळे हवेत की हिरवे? कोपऱ्यावर बाक हवेत का, हे आधीच ठरलेलं होतं, छापूनच आणलं होतं. एका काकूंनी नालीचा विषय काढला, तर ती मुलगी गोड हसून म्हणाली, "छान मुद्दा! हा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू." आणि फळ्यावर 'नंतर बोलू'च्या विषयांसाठी लावलेल्या एका कोऱ्या कागदावर तिने 'नाली' असं लिहिलं. पार्किंग हा शब्द ऐकताच मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. एकाने उभं राहून विचारलं, "चारचाकीची पण सोय हाये न त्याच्यात?"

मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

लोकांना विचारायचंच असेल तर विचारा ना हो. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. आमच्या बोळातल्या एका तरी माणसाला आपली समिती कधी, कुठे बसते, हे माहीत असेल तर मी दुसरा खांदाही द्यायला तयार आहे. आणि सहभाग आम्हाला शिकवायचा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. १८८० च्या दशकापासून मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. पिवळी निघते, काळी निघते, मागे बडगे, म्हणजे राग काढायचे पुतळे. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, ज्याचा राग आला त्याचा बडग्या. चिठ्ठी नाही, रंगाचा पर्याय नाही. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून अख्खं गाव बोंबलतं आणि शेवटी सगळं जाळून घरी जेवायला येतं. नाली तेव्हाही तुंबलेलीच असते, पण निदान कोणी 'छान मुद्दा' म्हणत नाही.

तर अंगठा. दीड तासाने त्याला मुंग्या आल्या. आजोबा चहा घ्यायला वळले तेव्हा मी तो जरासा उचलून खाली पाहिलं. आजोबांच्या घराच्या जागी घर नव्हतं. हिरवा चौकोन होता, त्यात एक गोल झाड आणि झाडाखाली दोन बाक. रंग अजून भरलेला नव्हता. तो आम्ही निवडणार होतो.

आजोबा बशीतला चहा फुंकत परत आले.

"दिसलं का जी?"

मी अंगठा पुन्हा दाबला. "नाही जी. पकड सैल झाली तर पडेल."

सभा संपल्यावर मुलीने माझे आभार मानले आणि नकाशाची गुंडाळी करून घेऊन गेली. माझी तीन पानं तिने पाहिली, "मेल करा ना काका" म्हणाली, पण मेल सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला. हसणारे चेहरे, मधोमध नकाशा आणि वरच्या कोपऱ्यात कुठलाही मालक नसलेली चार बोटं आणि अंगठा. खाली ओळ : 'नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग.' बत्तीस जणांनी अंगठेच पाठवले.

संध्याकाळी वाण्याच्या दुकानात आजोबा भेटले. नातवाने त्यांना फोटो मोठा करून दाखवला होता. मी खांदा चोळत काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझा दंड धरला, नेमका दुखराच.

"बरं केलं, झाकून ठेवलं," ते म्हणाले. "या लोकायचा काही भरोसा नाही."