चार शहरे, एक विषय आणि काळी शाई

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि पुणे येथील विधी शाखेच्या काही विद्यार्थ्यांनी यंदा माध्यम कायद्यातील एकच विषय चारही ठिकाणी वर्षभर हाताळायचे ठरवले आहे. मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करीत असल्यामुळे त्यांनी या समन्वयात मलाही ओढून घेतले. रामबागेतल्या एका घरी झालेल्या पहिल्या बैठकीत ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि माध्यमे’ हा विषय जवळजवळ एकमताने पुढे आला. मी त्याला विरोध केला, आणि तो काही मुलांना अजून पटलेला नसल्यामुळे माझी बाजू येथे सविस्तर मांडतो.

एवढ्या विस्तीर्ण विषयावर चार परिसंवाद होतात, प्रत्येक ठिकाणी राज्यघटनेतला भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ वाचून दाखवला जातो, ऑनलाइन अभिव्यक्तीवरील २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाचा उल्लेख होतो आणि चहा होतो. नंतर चौघांचे काम शेजारीशेजारी ठेवले तर त्यात ताडून पाहण्याजोगे काहीही सापडत नाही. बडोद्याच्या मुलांनी सुचवलेला बदनामीचा विषय मात्र मला मोहात पाडणारा होता. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते आणि ज्या पत्रांच्या भरवशावर मजकूर छापला ती बनावट निघाली, ही हकीकत फिरत्या स्क्रीनशॉटच्या आजच्या दिवसांत कोणालाही सांगावी अशीच आहे. परंतु बदनामीतले खरेखोटे ठरवायला न्यायालय लागते. नुसते वर्तमानपत्र हातात घेऊन विद्यार्थ्याला ते ठरवता येत नाही.

म्हणून मी अगदी लहान प्रश्न सुचवला: लैंगिक गुन्ह्याच्या बातमीतून पीडित व्यक्तीची ओळख उघड होते का? येथे कायदा पुरेसा स्पष्ट आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजारपाजार, किंबहुना ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. विशेष न्यायालयाने बालकाच्या हितासाठी परवानगी दिली तरच अपवाद. प्रौढ पीडितांसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात पीडितेच्या मृत्यूनंतरही हे संरक्षण मानले. आणि मुले हमखास विसरतात ती गोष्ट अशी की, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मधील ओळख उघड न करण्याचे बंधन आरोप असलेल्या अल्पवयीनालाही लागू आहे.

खरी अडचण मोजमापाची आहे. ग्वाल्हेरच्या गटाचे म्हणणे होते की वस्तीचे नाव आले की उल्लंघन झाले. इंदूरच्या मुलांचे म्हणणे होते की विजयनगरसारख्या मोठ्या भागाच्या नावावरून कोण कोणाला ओळखणार? दोघांचेही थोडे बरोबर आहे. बालकाच्या बाबतीत शेजारपाजाराचा उल्लेख कायद्यातच असल्याने तेथे वस्तीच्या आकाराची चर्चा फारशी उरत नाही, तर प्रौढांच्या बाबतीत त्या मजकुरावरून ओळख कळू शकते का, ही कसोटी आहे. शिवाय एक वृत्तपत्र वस्ती देते, दुसरे वडिलांचा व्यवसाय देते, तिसरे मुलीची इयत्ता देते. प्रत्येक बातमी एकेकटी वाचली तर निरुपद्रवी वाटते, पण तीनही वाचणाऱ्या शेजाऱ्याला घर सापडायला वेळ लागत नाही. हिंदी, गुजराती आणि मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्या चार गटांनी हे एकाच तक्त्यात नोंदवायचे, तर ‘ओळख’ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवावे लागते. समन्वय म्हणजे हे कंटाळवाणे काम. निष्कर्ष चार निघाले तरी माझी हरकत नाही, व्याख्या मात्र एकच हवी.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडून चूक घडली. एका उत्साही विद्यार्थ्याने उल्लंघनाचा उत्तम नमुना म्हणून एक कात्रण सामाईक व्हॉट्सॲप गटावर टाकले, ज्यात मुलीची शाळा आणि वडिलांचे दुकान दोन्ही होते, आणि काही मिनिटांत ते चार शहरांतील मुलांच्या फोनमध्ये पोहोचले. कायद्याच्या भाषेत याला प्रकाशन म्हणता येईल की नाही यावर वाद घालता येईल (वकिलांना तो घालायला आवडेलही), परंतु वृत्तपत्राने केले तेच आम्ही पुन्हा केले, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर नियम केला: कात्रण जेथे मिळाले तेथेच राहील, तपशील काळ्या शाईने झाकल्याशिवाय त्याचे छायाचित्र निघणार नाही आणि तक्त्यात ‘शाळा’, ‘वस्ती’, ‘नातेवाईक’ एवढे प्रकारच लिहिले जातील.

विद्यापीठांच्या परीक्षांची वेळापत्रके जुळत नाहीत, त्यावर तोडगा निघेल. अडले आहे ते वेगळ्याच मुद्द्यावर. पुण्याच्या विद्यार्थ्यांना अहवालात वृत्तपत्राचे नाव आणि तारीख हवी आहे, कारण त्याशिवाय अहवालावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ही अपेक्षा रास्तच आहे. पण नाव आणि तारीख दिली की कोणताही वाचक तो अंक काढून थेट त्या मुलीपर्यंत पोहोचू शकतो. मी असे सुचवले आहे की मूळ नोंदवही प्रत्येक शहरात एकाच जबाबदार शिक्षकाकडे बंद लिफाफ्यात असावी आणि छापील अहवालात फक्त महिना व भाषा द्यावी. पुण्याहून अद्याप होकार आलेला नाही.