रॉबर्ट मोझेसच्या ठेंगण्या पुलांविषयी खुलासा

‘न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेसने काळ्या लोकांच्या बस जोन्स बीचवर पोचू नयेत म्हणून लाँग आयलंडच्या रस्त्यांवर मुद्दाम ठेंगणे पूल बांधले, त्यामुळे त्यांना तिथे जाताच येईना,’ असा मजकूर वाहतुकीतील न्यायावर चर्चा निघाली की हमखास फिरतो. तो अर्धाच खरा आहे. मोझेस हा विसाव्या शतकात न्यूयॉर्कमधले रस्ते, पूल आणि उद्याने उभारणारा बलाढ्य अधिकारी; जोन्स बीच हा लाँग आयलंडवरचा सार्वजनिक समुद्रकिनारा.

या कथेचे मूळ रॉबर्ट कॅरो यांच्या १९७४ च्या मोझेस-चरित्रात आहे. मोझेसच्या एका सहकाऱ्याच्या आठवणीवर ती उभी आहे. तसा लेखी आदेश तिथे दिलेला नाही. १९८० मध्ये लँग्डन विनर यांच्या निबंधामुळे ती विद्यापीठांत पोचली आणि मग प्रत्येक वर्गात सांगितली जाऊ लागली. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस यांनी तिला हरकत घेतली: त्या पार्कवेंवर (खासगी मोटारींसाठीच्या, झाडीतून जाणाऱ्या रस्त्यांवर) बस आणि मालमोटारींना मुळातच बंदी होती, आणि किनाऱ्याकडे जाणारे इतर रस्ते बससाठी खुले होते. म्हणजे ‘जाताच येईना’ हे चूक.

पण म्हणून सगळी भाकडकथा, असे म्हणणेही घाईचे. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस कॅम्पानेला यांनी २०१७ मध्ये पुलांच्या उंचीची तुलना केली. लाँग आयलंडवरच्या मोझेसच्या सदर्न स्टेट पार्कवेवरचे पूल सरासरी ९ फुटांच्या आसपास निघाले. त्याच काळातल्या जवळच्या इतर पार्कवेंवर सरासरी १० फुटांहून अधिक. यावरून मोझेसचा हेतू सिद्ध होत नाही, संशय मात्र बळावतो.

शिवाय बसबंदी स्वतःच काही तटस्थ नव्हती. मोटार नसलेल्याला तो रस्ता बंदच होता, पूल कितीही उंच असते तरी.