क्लिकर वापरण्याचा निर्धोक मार्ग

आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी-प्रतिसाद यंत्रे, म्हणजे रोजच्या बोलण्यातले क्लिकर, येऊन दाखल झाले असतील तर प्रथम आपले अभिनंदन. रिमोटसारखी दिसणारी चिमुकली यंत्रे, त्यांचे संदेश टिपणारा रिसीव्हर आणि पडद्यावर स्तंभालेख उमटवणारे सॉफ्टवेअर, एवढाच हा संसार आहे. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये प्रेक्षकांचा कौल घेतात तोच प्रकार आता एस. वाय. बी. एस्सी.च्या वर्गात होणार. फरक इतकाच की तिथे कौल मागणाऱ्याला उत्तर येत नसते आणि इथे ते आपल्याला येते अशी सर्वांची समजूत असते.

पेटी उघडण्याची घाई मुळीच करू नये. आधी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करावी, प्रत्येक यंत्रावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालावा आणि कपाटाची किल्ली दीर्घ रजेवर निघालेल्या सहकाऱ्याकडे सोपवावी. महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार असे कळले की किल्ली आपोआप सापडते. त्या दिवशी विचारायचा प्रश्न मात्र पारखून घ्यावा: ज्याचे उत्तर आधीच्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, असा. सगळी बोटे एकाच बटणावर पडतात, पडद्यावर एकच स्तंभ छताला टेकतो, त्याचा फोटो निघतो आणि तो स्वयंमूल्यमापन अहवालात ‘अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन’ या निकषाखाली कायमचा विसावतो.

ज्याचे उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही, असा प्रश्न वर्गाला विचारण्याचे धाडस करू नये. या बाबतीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे, म्हणजे अनुकरणाचा मोह होणार नाही. गृहस्थांचे उत्तम चालले होते. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्याला भरभरून गुण देत होते आणि परीक्षेतली अवघड गणितेही सोडवत होते. अशा सुखाच्या दिवसांत, १९९० च्या सुमारास, त्यांनी न्यूटनच्या नियमांवरची साध्या भाषेतली, जवळजवळ आकडेमोड नसलेली चाचणी वर्गापुढे ठेवली. तेव्हा विद्यार्थ्यांतून विचारणा झाली, की उत्तर तुम्ही शिकवलेत तसे लिहायचे, की एरवी मला वाटते तसे? आपण असतो तर शिस्तीचे चार शब्द सुनावून पुढच्या पाठाकडे वळलो असतो. माझूर यांनी १९९१ पासून शिकवण्याची रीतच बदलली. व्याख्यान मधेच थांबवायचे, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाचा कौल घ्यायचा आणि बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली की मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा. मग पुन्हा कौल. बरोबर उत्तरे त्याहून कमी आली तर तोच भाग नव्याने शिकवायचा, आणि तोही मुलांनी नव्हे, आपण! पोर्शन कधी संपणार, याचा विचार या पद्धतीत कोणी केलेला दिसत नाही.

त्यापेक्षा क्लिकर हजेरीसाठी वापरावा, हे उत्तम. एक मुलगा खिशात पाच मित्रांचे क्लिकर घेऊन येतो, उपस्थिती शंभर टक्के भरते आणि बाके मोकळी राहिल्यामुळे वर्गात हवा खेळती राहते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१४ मध्ये असाच प्रयोग झाला, पण तिथल्या प्राध्यापकांनी नको ती मोजदाद केली आणि प्रकरण ६४ विद्यार्थ्यांवरील कारवाईपर्यंत गेले. विषय होता खेळ, नीतिशास्त्र आणि धर्म.

आणखी एक सावधगिरी. विद्यार्थ्यांच्या हाती चौकोनी खुणांची छापील पुठ्ठ्याची कार्डे देऊन आपल्या एकाच मोबाइलने सर्वांची उत्तरे टिपण्याची सोय आता झाली आहे, आणि क्लिकरऐवजी साधी रंगीत कार्डे वर धरली तरी मुलांच्या समजुतीत फरक पडत नाही, असा अभ्यासही २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ही माहिती स्टाफरूमच्या बाहेर जाऊ देऊ नये. ज्या वस्तूची निविदा निघत नाही तिने शिक्षणात क्रांती होत नसते.

एकदा माझ्याच हातून चूक झाली, तीही सांगून टाकतो. एसटी आणि रिक्षा समोरासमोर धडकल्या तर कोण कोणावर जास्त बल लावते, असा प्रश्न घाईघाईत विचारला गेला. न्यूटनचा तिसरा नियम आदल्याच तासाला झाला होता, फळ्यावरून तो अजून पुसलाही नव्हता. तरी ‘एसटी’चा स्तंभ ताडासारखा वाढला आणि ‘दोन्ही बले सारखी’ हा स्तंभ तळाशी चिकटून राहिला. मी पडदा गुंडाळणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, सारखंच असेल तर रिक्षाच का चेपते?” त्यावर पहिल्या बाकावरची एरवी न बोलणारी मुलगी मागे वळून त्याला म्हणाली, “बल सारखंच रे, पण रिक्षा हलकी, म्हणून तिचं त्वरण जास्त.” तो म्हणाला, पटत नाही. मग दोघांच्या बाजूने निम्मा निम्मा वर्ग उभा राहिला, एकाने डस्टर आणि खडू एकमेकांवर आपटून दाखवले, आणि शेजारच्या वर्गातून शिपाई निरोप घेऊन आला की आवाज कमी ठेवा. या क्षणी दुसरा कौल घेतला असता तर मी तासभर बोलून जे झाले नाही ते तिच्या एका वाक्याने झाले की नाही, हे सर्वांदेखत पडद्यावर दिसले असते.

आपल्यावर असा प्रसंग आलाच तर शांतपणे प्रोजेक्टरची वायर काढावी आणि हजेरी घ्यावी. तोंडी घेतली तरी चालते.