गालिचा की फरशी? आधी अंथरुणाकडे पाहा

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या आठवड्यात नव्या फ्लॅटच्या इंटिरिअरचे आराखडे पाठवले. मुलांच्या झोपायच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गालिचा दाखवला होता. तिच्या मुलीला धुळीची ॲलर्जी आहे. सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका ठरलेल्या आणि पावसाळ्यात रात्री छातीत घरघर. मी त्याच संध्याकाळी फोन करून गालिचा नको म्हणून सांगितले, पण का नको हे फोनवर नीट मांडता आले नाही. ज्या कारणासाठी गालिचा नको, त्याच कारणासाठी घरातल्या आणखी काही सवयी बदलाव्या लागतील, हेही सांगायचे राहून गेले. ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे शिंकणारे मूल आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे.

आम्ही सहा वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात भाड्याच्या घरात राहिलो. तिथल्या बऱ्याच घरांत जिन्यापासून झोपायच्या खोलीपर्यंत सगळीकडे जमिनीला पक्के बसवलेले कार्पेट असते आणि भाडेकरूला ते काढता येत नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद, बाहेर सतत पाऊस, धुतलेले कपडे घरातच वाळत घातलेले, त्यामुळे घरातली हवा कायम दमट. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि दिवसभर त्या कार्पेटवर पालथा पडून गाड्या खेळत असे. त्याचे सारखे वाहणारे नाक ही थंडीची सर्दी आहे असे समजून आम्ही जवळजवळ एक वर्ष वाया घालवले, याची खंत मला आजही वाटते. शेवटी प्रिक टेस्ट झाली. हातावर वेगवेगळ्या द्रावणांचे थेंब ठेवून हलकेच टोचले आणि पंधरा मिनिटांत डस्ट माइटच्या थेंबाखाली ठळक गांध उठली.

धुळीची ॲलर्जी म्हणजे मातीची ॲलर्जी नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. घरातल्या धुळीत डोळ्यांना सहसा न दिसणारे, मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढे, आठ पायांचे, कोळ्याच्या कुळातले जीव राहतात; तेच हे डस्ट माइट. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कपच्यांवर ते जगतात. घरातल्या धुळीचा त्रास होतो हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्यामागे मुख्यतः हा जीव आहे हे १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. माणसाला त्रास होतो तो प्रामुख्याने या जिवांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. हा जीव पाणी पीत नाही. हवेतली वाफ अंगात ओढून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. म्हणजे त्याला तीन गोष्टी हव्यात: ऊब, ओलावा आणि लपायला धागे. जाड गालिच्यात या तिन्ही मिळतात.

गालिचे विकणाऱ्यांचा एक युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, गुळगुळीत फरशीवरची धूळ प्रत्येक पावलासरशी आणि पंख्याच्या प्रत्येक झोतासरशी उडते, तर गालिचा ती धरून ठेवतो, म्हणून गालिचा असलेल्या खोलीतली हवा उलट स्वच्छ असते. फरशी चार दिवस पुसली नाही तर यातला पहिला भाग खराच आहे. मात्र धरून ठेवलेली धूळ नाहीशी झालेली नसते. व्हॅक्यूम क्लीनरने वरवरची धूळ निघते, पण जिवंत माइट धाग्यांना घट्ट चिकटून राहतात. शाम्पूने धुतलेला गालिचा पूर्ण वाळला नाही तर आत राहिलेला ओलावा त्यांच्याच उपयोगी पडतो. शिवाय या विष्ठेचे कण तुलनेने जड असतात. हवेत उडाल्यावर साधारण अर्ध्या तासात ते खाली बसतात. म्हणून प्रश्न केवळ खोलीतल्या हवेचा नाही, मुलाचे नाक त्या धाग्यांपासून किती अंतरावर आहे याचाही आहे. मोठी माणसे गालिच्यावरून चालतात, मूल त्यावर लोळते.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. घरात कोणालाही धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल, तर जमिनीला पक्का बसवलेला गालिचा नको, आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. बैठकीच्या खोलीत शोभेसाठी काही हवेच असेल, तर उचलून धुता येईल आणि उन्हात टाकता येईल अशी सुती सतरंजी पुरेशी आहे, आणि मला तरी तीच अधिक सुंदर दिसते.

पण आम्ही पुण्याला परत आलो तेव्हा मला वाटले होते की आता चकचकीत टाइल्स आहेत, गालिच्याचा धागासुद्धा नाही, त्रास आपोआप थांबेल. तो थांबला नाही. जुलै उजाडला, हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली आणि मुलाच्या शिंका पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा लक्षात आले की आम्ही जमिनीकडे पाहत होतो आणि मूल रोज नऊ तास ज्यात नाक खुपसून झोपत होते त्या उशीकडे, गादीकडे आणि पांघरुणाकडे आमचे लक्षच नव्हते. घरातले सर्वाधिक माइट बहुतेक वेळा अंथरुणातच असतात. अंगाची ऊब, घामाचा ओलावा आणि त्वचेच्या कपच्या, सगळे तिथेच तर असते.

इथे मला आईची आठवण होते. उन्हाळ्यात दुपारी ती गच्चीवर गाद्या टाकायची, संध्याकाळी काठीने झोडपून खाली आणायची आणि घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे, गोधड्या, सतरंज्या धुऊन काढायची. दसऱ्याचे धुणे ही आपल्याकडची जुनी रीत. आम्हाला ते केवळ सोवळ्याचे काम वाटायचे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की गालिचा कडक उन्हात पसरून ठेवला तर त्यातले माइट मरतात. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी तर ऊनही असते आणि आर्द्रताही कमी असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते: मेलेल्या माइटची विष्ठा तिथेच राहते, म्हणून ऊन दिल्यावर झोडपणे आणि धुणेही आवश्यक आहे, आणि झोडपताना ॲलर्जी असलेल्या माणसाने गच्चीवर थांबू नये. फ्लॅटमध्ये गच्ची मिळत नसेल, तर चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत आणि गादी-उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ घालावी. आमच्याकडे सर्वांत अधिक फरक या खोळींनी आणि कापडी खेळण्यांची संख्या कमी केल्याने पडला.

एवढे करूनही औषध सोडू नये, हे मी आग्रहाने सांगते. फक्त माइट कमी करण्याच्या उपायांनी दमा सुधारतो का, यावरील ५४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात ठळक फायदा आढळला नाही. याउलट अमेरिकेतल्या सात शहरांतील ९३७ दमेकरी मुलांच्या २००४ सालच्या अभ्यासात गादीच्या खोळी, चांगला व्हॅक्यूम क्लीनर, झुरळांचा बंदोबस्त, सिगारेटच्या धुरापासून बचाव असे अनेक उपाय प्रत्येक मुलाच्या ॲलर्जीनुसार एकत्र केले गेले, तेव्हा मुलांचे त्रासाचे दिवस खरोखरच घटले. माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा की एकटा गालिचा काढून किंवा एकटी खोळ घालून समाधान मानू नये. आणि पंपाची सवय लागते या भीतीने डॉक्टरांनी दिलेला पंप कपाटात ठेवून देणाऱ्या आई-वडिलांना तर मी हात जोडून विनवते की असे करू नका.

आता फरशीबद्दल. फरशीचा फायदा ती ओल्या फडक्याने पुसली तरच मिळतो. आपल्याकडे आधी कुंच्याने खसाखसा केर काढायचा, मग लादी पुसायची असा क्रम असतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत रात्रभर खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत जाते. मूल त्याच वेळी शाळेसाठी आवरत असते. केर काढायचा असेल तर मूल घराबाहेर पडल्यावर काढावा, आणि झोपायच्या खोलीत कोरडा कुंचा न फिरवता थेट ओले फडके फिरवावे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी सहा घरांचा केर काढतात. त्यांचा सकाळचा कोरडा खोकला मी कित्येक महिने ऐकत होते आणि त्याचा या धुळीशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. मुलाच्या निमित्ताने आम्ही पद्धत बदलली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "वहिनी, बाकीच्या पाच घरांना पण सांगा ना, मला पण बरं पडंल." त्यांपैकी दोन घरे आमच्याच इमारतीत आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. उरलेल्या तिघांपर्यंत ही पोस्ट पोहोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.